लवंग, पपई आणि सहा वर्षांची दाढ

प्रश्न

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. मुलगी सव्वासहा वर्षांची, पहिलीत आहे. तिच्या खालच्या उजव्या बाजूच्या मागच्या दाढेला काळं भोक पडलंय. जेवताना अन्न अडकतं, थंड पाणी लागलं की ओरडते. गेल्या आठवड्यात एक रात्र ठणक्याने झोपली नाही. सासूबाईंनी लवंग तेलाचा बोळा ठेवला, ठणका थांबला. त्या म्हणतात, दुधाचाच दात आहे, पडेल. तोवर कडुलिंबाची काडी फिरवू, नाहीतर बाजाराला दाताचा किडा काढणारी बाई येते तिच्याकडे नेऊ. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून वनस्पतींच्या अर्काचं तेल मागवलंय. त्याने कीड मरते आणि दात आतून भरून येतो असं सांगितलंय, फ्लोराइडची पेस्ट विष आहे असंही सांगितलंय. आम्ही मुलांना साखर देत नाही, गूळच देतो. बेळगावला एका दवाखान्यात नेलं होतं, पण मशीनचा आवाज ऐकून ती खुर्चीवर बसेना, तसेच परत आलो. वनस्पतींच्या औषधाने कीड खरंच बरी होते का? धाकटा अडीच वर्षांचा आहे, बाटलीने दूध पीत झोपतो. त्याच्यासाठीही काही सांगा.
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

औषधांचं बोलण्याआधी तुम्हाला एक काम सांगते. मुलीला सकाळच्या उजेडात पडवीत बसवा, तोंड उघडायला लावा आणि खालचे दात मोजा. अगदी मधल्या रेषेपासून सुरुवात करायची, समोरचा पहिला, मग दुसरा, तिसरा सुळा, चौथी दाढ, पाचवी दाढ. दुधाचे दात एकूण वीस, म्हणजे प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, पाच-पाच. भोक पडलेली दाढ पाचवी असेल तर ती दुधाची. तिच्याही मागे सहावी दिसत असेल तर ती दुधाची नाही. ती कायमची दाढ आहे, सहाव्या वर्षाच्या आसपास येते आणि कोणताही दात न पडता गुपचूप मागे उगवते. दात पडलाच नाही म्हणून घरच्यांना नवा दात आल्याचं कळत नाही, आणि 'दुधाचाच आहे' म्हणत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मी पाहिलेल्या किडलेल्या कायमच्या दाढांमध्ये हीच दाढ सगळ्यात जास्त असते. ती एकदा काढावी लागली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

तुमच्या मुलीच्या वयाला बहुधा पाचवीच किडली असेल. तरी 'पडेल' म्हणून सोडू नका. ही मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते, म्हणजे अजून चार-पाच वर्षं तिला त्याच दाढेने चावायचं आहे. तिच्या मुळांच्या मध्ये, हाडात, पुढच्या कायमच्या दाढेचा अंकुर वाढत असतो. दुधाच्या दाढेत पू झाला तर तो तिथपर्यंत पोचू शकतो. दाढ वेळेआधी काढली तर मागची नवी दाढ पुढे सरकते, जागा अडते आणि पुढे दात वेडेवाकडे येतात. शिवाय किडलेल्या पाचवीला चिकटून नवीकोरी सहावी उभी असते. तिचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि तिच्या चावायच्या बाजूवर खोल चिरा असतात. कीड तिथे जायला वेळ लागत नाही.

आता लवंगेबद्दल. सासूबाईंनी केलं ते खोटं नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, ते नसेची संवेदना खरोखर बधिर करतं. आम्ही दंतवैद्यही ते वापरतो. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून केलेलं सिमेंट दवाखान्यांत शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे, आणि दाताच्या दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो तो बराचसा त्याचाच. पण युजेनॉलने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. माझी खरी काळजी पुढची आहे. दाताची नस मेली की ठणका आपोआपच थांबतो. घरचे म्हणतात, बरं झालं. काही महिन्यांनी गाल सुजतो किंवा हिरडीवर पुळी येते. म्हणून ठणका थांबला याला बरं होणं समजू नका. न दुखता राहिलेली भोकाची दाढ मला दुखणाऱ्या दाढेपेक्षा जास्त घाबरवते.

लवंग तेल वापरायचंच असेल तर थेट बाटलीतून नको. ते खूप तीव्र असतं, हिरडी आणि गालाची आतली कातडी भाजते. खोबरेल तेलात एखादा थेंब मिसळून, कापसाच्या अगदी लहान बोळ्याने फक्त भोकात, तेही डॉक्टरकडे पोचेपर्यंतच. बाटली धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. एक-दोन चमचे लवंग तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यामुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. रात्री ठणका उठलाच तर मुलांचं पॅरासिटामॉल सिरप वजनाप्रमाणे द्या. गोळी चुरून हिरडीवर लावू नका, हिरडी भाजते.

किडा काढणाऱ्या बाईकडे मात्र मुळीच नेऊ नका. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी नळीने तोंडात देतात, मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे पडलेले दाखवतात. माणसाला ते डोळ्यांनी दिसतात, म्हणून विश्वास बसतो. पण ते किडे दातातून आलेले नसतात. बिया तापून फुटल्या की आतला पांढरा, वळलेला कोंब बाहेर पडतो, तो पाण्यात अळीसारखा दिसतो. युरोपातही काही शतकं असंच चालत होतं, दुसऱ्या झाडाच्या बिया वापरून. दाताला अळी लागत नाही. कीड म्हणजे आम्लाने झिजून पडलेला खड्डा. १८९० साली मिलर या संशोधकाने मांडलं की तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४ साली क्लार्क याने किडलेल्या दातांतून त्यातला एक मुख्य जिवाणू वेगळा केला, त्याचं नाव स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स.

हा जिवाणू काय करतो ते थोडं सविस्तर सांगते, कारण वनस्पतींचा उपयोग नेमका कुठे आहे ते त्यातूनच कळेल. आपल्या साखरेतलं सुक्रोज मिळालं की तो दोन कामं करतो. एक, आम्ल तयार करतो. तोंडातला सामू, म्हणजे आम्लपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जायला लागतं. दोन, त्याच सुक्रोजपासून तो ग्लुकान नावाचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनवतो, दातावर घट्ट बसतो आणि बाकीच्या जिवाणूंनाही चिकटवून ठेवतो. सकाळी नखाने दात खरवडल्यावर जो पांढरट मऊ थर निघतो, तो हा. दोन खाण्यांमध्ये पुरेसा वेळ गेला तर लाळ आम्ल धुते आणि गेलेलं कॅल्शियम काही प्रमाणात परत बसवते. ही देवाणघेवाण दिवसभर चालूच असते. नुकसान भरपाईपेक्षा जास्त झालं की आधी खडूसारखा पांढरा डाग पडतो, मग वरचं कवच फुटून भोक.

त्या पांढऱ्या डागापर्यंत दात सुधारू शकतो. एकदा भोक पडलं की नाही. कवच तयार करणाऱ्या पेशी दात उगवण्याआधीच संपलेल्या असतात. म्हणून जगातला कोणताही अर्क, कोणतंही तेल पडलेलं भोक आतून भरून आणत नाही. तुमच्या मिस्टरांनी मागवलेल्या तेलाचा दावा यासाठीच खोटा आहे, त्यात कोणत्या वनस्पती आहेत हे न बघताही सांगता येतं.

वनस्पतींचं काम आहे ते भोक पडण्याआधीचं, आणि ते काम खरं आहे. चहाच्या पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं म्युटन्सचं ग्लुकान बनवणारं एन्झाइम, म्हणजे ते काम घडवून आणणारं प्रथिन, अडवतात. अमेरिकेतल्या क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन द्रव्यंही प्रयोगशाळेत तेच करताना दिसली आहेत. द्राक्षाच्या बियांतली त्याच कुळातली द्रव्यं दाताच्या आतल्या थरातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना बळकटी देतात, दाताच्या मुळाच्या किडीसाठी त्यांचा अभ्यास होतो आहे. जायफळातलं मॅसेलिग्नान म्युटन्सला मारतं. ज्येष्ठमधातल्या एका द्रव्यावर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काम केलं, त्या अर्काची बिनसाखरेची लॉलीपॉप बनवून मुलांना दिवसातून दोनदा, दहा दिवस दिली, आणि लाळेतले म्युटन्स कमी झाले. आपल्या देशात त्रिफळ्याच्या चुळांवर शाळकरी मुलांमध्ये चाचण्या झाल्या, दातांवरचा थर कमी झालेला दिसला. हिरडा तर तुमच्या रानातलाच. या विषयात काम करायला लांब जायचीही गरज नाही, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. हे संशोधन मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आमच्या खेड्यांतल्या मुलांना परवडेल असं काही त्यातून निघावं, ही माझी इच्छा आहे.

पण काचेच्या बशीत जिवाणू मरणं आणि तुमच्या मुलीच्या तोंडात कीड थांबणं यात मोठं अंतर आहे. बशीत अर्क जिवाणूंवर तासन् तास असतो, तोंडात लाळ तो मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन नेते. बशीत बरेचदा सुटे जिवाणू असतात. दातावर ते ग्लुकानच्या थरात दडून बसलेले असतात, तिथे त्यांना मारायला कित्येक पट जास्त औषध लागतं. आणि लाळेतले जिवाणू दहा दिवस कमी होणं म्हणजे दोन-तीन वर्षांत कमी दात किडणं नव्हे. पालकाला हवं असतं ते दुसरं. तसा पुरावा दांडगा आहे तो फ्लोराइडच्या पेस्टचा. वनस्पतींपासून आलेल्या गोष्टींत त्याच्या थोडं जवळ जातं ते झायलिटॉल, बर्चसारख्या झाडांच्या लाकडापासून काढलेली गोडी, जिचं म्युटन्सला आम्ल करता येत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७० च्या दशकात त्यावर मोठं काम झालं. ती मिळाली तर पूरक म्हणून चांगली, पण घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर ठेवा. कुत्र्याला ती विषारी असते.

फ्लोराइड विष आहे, ही भीती कुठून आली ते मला समजतं. गदग, रायचूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे, तिथे माणसांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आणि हाडं आखडलेली आपण पाहतो. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी वर्षानुवर्षं पिणं वाईटच. पण ते रोज पोटात जाणारं पाणी आणि ही ब्रश करून थुंकायची पेस्ट. आपल्याकडे पेस्टमधल्या फ्लोराइडवर १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची, कायदेशीर मर्यादा आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. तुमची पेस्ट उलटी करून बघा. आकडा नसेल तर ती फ्लोराइडची नाही, पुढची आणताना आकडा बघून आणा. पाण्याची शंका असेल तर ग्रामपंचायतीतून बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या. आणि फ्लोराइड कारखान्यातलंच असतं असंही नाही. चहाचं झाड ते जमिनीतून ओढून पानात साठवतं.

मुलीच्या ब्रशवर पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी. सकाळी आणि रात्री झोपताना, आणि यातली रात्रीची वेळ चुकवू नका. रात्री लाळ कमी सुटते. पेस्ट थुंकायची, पण नंतर खळखळून चुळा भरायच्या नाहीत. दातावर थोडी राहू दे. आठ वर्षांची होईपर्यंत मागच्या दाढा तुमच्याच हाताने घासा. तिच्या पाठीमागे उभ्या राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने गाल बाहेर ओढा. सहावी दाढ बाकीच्या दाढांपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्यावरून नुसताच सरकून जातो. म्हणून तिथे ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालायचा.

कडुलिंबाच्या काडीला माझा विरोध नाही. मोठ्या माणसाने टोक नीट चावून कुंचला केला आणि प्रत्येक दात वेळ देऊन घासला तर थर निघतो, काडीत टॅनिन आणि कडू द्रव्यंही आहेत. सासूबाईंनी जरूर करावी. पण सहा वर्षांच्या मुलीला मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला काडी पोचवता येत नाही, आणि काडीत फ्लोराइडची भर नसते. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाड मीठ मात्र कुणीच वापरू नका. त्याने दात पांढरे दिसतात कारण कवच घासलं जातं.

सासूबाई मिश्री लावतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. निपाणीचा तंबाखू आपल्या भागात घरोघरी पोचलेला आहे, म्हणून विचारते. तव्यावर भाजून काळी केली तरी मिश्री तंबाखूच राहते. तंबाखूही वनस्पतीच, सुपारीही वनस्पतीच, आणि दोन्हींनी तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे. नात दात घासताना आजीच्या शेजारी बसते आणि आजीचं बोट बघते. आजींना मी हात जोडून सांगते, नातीच्या हिरडीला मिश्रीचं बोट कधीही लावू नका, आणि तुमच्या गालात किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर नातीच्या दाढेबरोबर तुमचंही तोंड दाखवून घ्या.

आता गूळ. ताई, तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण आपल्या जिल्ह्यात ते मला जवळजवळ प्रत्येक आई सांगते. उसाचा पट्टा आपला, गुऱ्हाळं आपली, गूळ पौष्टिक हा विश्वासही आपलाच. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, ते खरं. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच आहे, तेच सुक्रोज ज्याचं म्युटन्स आम्ल आणि डिंक करतो. त्यातून गूळ चिकट. दाढेच्या चिरेत बसला की लाळेला तो लवकर धुता येत नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये विपेहोम इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला. माणसांवर मुद्दाम कीड आणणारा तो प्रयोग आज कुणीही मान्य करणार नाही, करूही नये. पण त्याचं उत्तर स्पष्ट होतं. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोडाने दात कितीतरी जास्त किडले. म्हणजे किती गोड यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, हे जास्त मोजायचं. शेंगदाणा-गुळाची चिक्की, गूळखडा, शाळेतून आल्यावरचा चहा-बिस्किट, दुकानातलं चॉकलेट, जत्रेतला कुंदा, प्रत्येक वेळी दात साधारण अर्धा तास आम्लात असतात. दिवसातून सहा-सात वेळा तसं झालं तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. गूळ बंद करा असं मी म्हणत नाही. जेवताना पोळीबरोबर द्या, पुरणपोळी करा, कुंदाही जेवणानंतर लगेच. मधल्या वेळेला शेंगदाणे, काकडी, उकडलेली अंडी, भाजलेले हरभरे, ताक. आणि रात्री ब्रश केल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

आता मुलीच्या भोकाचं. तिला मशीनची भीती आहे, म्हणून मी तुम्हाला पपईचं सांगणार आहे. कच्च्या पपईला चीर दिल्यावर जो पांढरा चीक गळतो, त्यात पपेन नावाचं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं. त्याचाच उपयोग करून आपल्याकडे बायका मटण शिजवताना पपईचा तुकडा टाकतात. ब्राझीलमध्ये २००३ साली पपेनची एक जेल दंतवैद्यकासाठी तयार झाली, नंतर भारतातही तशी जेल बनू लागली. डॉक्टर ती भोकात घालतात आणि थोडा वेळ थांबतात. किडलेल्या भागातलं कोलॅजेन आधीच कुजलेलं असतं, पपेन तेच सैल करतं. निरोगी दातातलं कोलॅजेन शाबूत असतं, त्यावर त्याचा परिणाम होत नाही. जेल गढूळ होते, मग बोथट चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेली कीड हळूहळू खरवडून काढतात. पुन्हा जेल, पुन्हा खरवडणं, जेल स्वच्छ राहीपर्यंत. मग ग्लास आयनोमर सिमेंट भरतात, ते दाताला चिकटतं आणि थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. मशीनचा आवाज नाही, बहुतेक वेळा इंजेक्शन नाही. वेळ मशीनपेक्षा जास्त लागतो, पण घाबरलेल्या मुलासाठी तो वेळ द्यायला मी नेहमी तयार असते. घरी पपईचा चीक लावू नका, तोंड भाजेल आणि कीड तशीच राहील.

पण रात्रीचा ठणका मला थोडा खटकतो. अन्न अडकून हिरडीवर दाब आल्यानेही ठणकतं, आणि कीड नसेपर्यंत पोचल्यानेही. हे एक्स-रे काढल्याशिवाय सांगता येत नाही. नसेपर्यंत गेली असेल तर जेल पुरणार नाही. दुधाच्या दाढेत तेव्हा नसेचा खराब भाग काढून औषध भरतात आणि वर स्टीलची टोपी बसवतात. मोजल्यावर ती सहावी निघाली तर हट्टाने तिला वाचवायचं, काढायला सहज होकार देऊ नका. तिची मुळं अजून तयार व्हायची आहेत, नस जिवंत ठेवता आली तर मुळं पूर्ण वाढतात. मुलगी अजिबातच बसली नाही तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशने लावून कीड जागच्या जागी थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. त्याने भोक काळं पडतं, आणि नस गेली असेल तर त्याचाही उपयोग नाही.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या संस्थांची दंत महाविद्यालयं आहेत, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. केसपेपर काढताना 'मुलांचे दात' असं म्हणा, आणि डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगी मशीनला घाबरते. शाळा सरकारी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं. किडलेले दातही त्या तपासणीत येतात, पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. शाळेतल्या बाईंना विचारून ठेवा. पहिल्या भेटीत काम झालंच पाहिजे असा आग्रह धरू नका. खुर्चीवर बसली, आरसा तोंडात घेऊ दिला, एवढं झालं तरी दुसऱ्या भेटीला ती येते. घरातून निघताना 'दुखणार नाही' असं सांगू नका, 'डॉक्टर दात मोजणार आहेत' एवढंच सांगा. मोजायची तर तिला तोवर सवय झालेली असेल. भेट या पंधरवड्यातच ठरवा. गाल सुजला, ताप आला, हिरडीवर पुळी आली तर त्याच दिवशी निघा. आणि सूज जबड्याखाली उतरली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

नवी सहावी दाढ निरोगी असेल तर त्याच भेटीत तिच्या चिरा सीलंटने, म्हणजे चिरांवर बसणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्या. ते काम न दुखता, थोड्या मिनिटांत होतं.

धाकट्याचं. बाटली तोंडात ठेवून झोपला की दूध वरच्या समोरच्या दातांवर साचून राहतं, दुधात गूळ किंवा साखर घालत असाल तर जास्तच. आज संध्याकाळी त्याला मांडीवर आडवा घ्या, वरचा ओठ उचला, दात सुती फडक्याने कोरडे करा आणि हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आहे का बघा. असेल तर ती वेळ अजून हातात आहे. डॉक्टर फ्लोराइडचं वार्निश लावतात, आणि बाटली सुटली, ब्रश सुरू झाला तर ती कीड तिथेच थांबू शकते. बाटली एकदम काढली तर तो रडेल, म्हणून आधी दुधातली गोडी थोडी थोडी कमी करा, मग रात्रीच्या बाटलीत पाणी वाढवत न्या. साधं पाणी राहिलं की तो स्वतःच सोडतो. पेस्ट त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच, तीही रोज दोनदा, आणि ब्रश तुमच्या हातात. मुलीला बेळगावला न्याल तेव्हा त्यालाही बरोबर घ्या, दोघांचे केसपेपर एकाच वेळी होतील.